हजेरीपट कोणाच्या कपाटात?

शाळेच्या कार्यालयातील कपाट ही दिसावयास अगदी सामान्य वस्तू आहे. जनरल रजिस्टर, हजेरीपट, गुणपत्रके, शिक्षकांच्या टाचणवह्या आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यांची पुस्तके एवढाच त्यातील ऐवज. तथापि गावातील प्रत्येक मुलाची जन्मतारीख, जात, गैरहजेरीचे दिवस, ते कोणत्या विषयात मागे पडले आणि कोणत्या इयत्तेतून त्याचे नाव कमी झाले, याची नोंद त्या कपाटात असते. त्याची किल्ली मुख्याध्यापकाकडे असते आणि नोंदीबद्दल शंका आली तर कोणाच्या दारात जाऊन विचारावयाचे हे पालकाला ठाऊक असते. गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०२० च्या टाळेबंदीपासून, या कपाटाची जागा एक नवी यंत्रणा घेऊ लागली आहे. लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम हे तिचे इंग्रजी नाव. मराठीत तिला आपण अध्ययन-व्यवस्थापन प्रणाली म्हणू. या प्रणालीकडे आपल्या चळवळीने अद्याप पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही. शिक्षणाच्या खासगीकरणाविरुद्ध मोर्चे काढणारे आपले कार्यकर्तेही ही बाब तांत्रिक समजून बाजूला ठेवतात. ती तांत्रिक नाही, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम ही प्रणाली काय करते ते पाहू. शिक्षक तीत पाठ, गृहपाठ व चाचण्या ठेवतो. विद्यार्थी आपल्या नावाने व पासवर्डने आत शिरतो, पाठ पाहतो, उत्तरे पाठवितो. काही उत्तरे यंत्रच तपासते. कोण केव्हा आला, किती वेळ थांबला, कोणत्या प्रश्नाला अडला, याची नोंद आपोआप होत राहते. ती शिक्षकाला दिसते, पालकाला दिसते आणि वरच्या अधिकाऱ्यालाही दिसते. ऑस्ट्रेलियात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले मूडल, गूगल कंपनीने २०१४ मध्ये आणलेले क्लासरूम, अमेरिकेतील कॅनव्हास व ब्लॅकबोर्ड ही या जातीची ठळक नावे. आपल्याकडे केंद्र सरकारने ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू केलेला दीक्षा हा मंच काटेकोर अर्थाने अशी प्रणाली नसला तरी त्याच कुळातील आहे. याखेरीज खासगी इंग्रजी शाळांतून निरनिराळ्या कंपन्यांची ॲप चालतात आणि त्यांचे शुल्क या ना त्या नावाने पालकांच्याच पावतीत येते.

या यंत्राला आमचा विरोध नाही. किंबहुना एका ठिकाणी तरी त्याची गरज आम्हास तीव्रतेने जाणवते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांचे कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि पुढील पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्राच्या अथवा कर्नाटकच्या फडात राहते. बरोबर गेलेले मूल कारखान्याजवळच्या शाळेत बसले तरी त्याने गावी काय शिकले हे त्या शाळेला कळत नाही, आणि परत आल्यावर त्याने तेथे काय शिकले हे गावच्या शाळेला कळत नाही. स्थलांतरित मुलांसाठी शासनाने शिक्षण हमी कार्डाची योजना आखली ती याच कारणासाठी. मुलाबरोबर त्याची शैक्षणिक नोंद प्रवास करील अशी एखादी साधी, विश्वासार्ह व्यवस्था झाली, तर तिचे स्वागत सर्वप्रथम आपण केले पाहिजे. म्हणून कोणतीही प्रणाली पुढे आली की आम्ही एक कसोटी लावू: ऊसतोड मजुराच्या मुलाला तिचा काय उपयोग, तिचा बोजा कोणावर, आणि तिची मालकी कोणाची?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांतून मिळते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार संगणक असलेली कुटुंबे शहरात सुमारे २३ टक्के व ग्रामीण भागात सुमारे ४ टक्के होती. टाळेबंदीत शिक्षण या साधनांवर सोपविले गेले तेव्हा जे व्हावयाचे तेच झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांत ज्याँ द्रेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले शहरी भागात २४ टक्के, तर ग्रामीण भागात केवळ ८ टक्के आढळली. ग्रामीण भागातील ३७ टक्के मुले मुळीच शिकत नव्हती. त्यानंतर परिस्थिती बदलली, हे मान्य केले पाहिजे. २०२३ च्या असर अहवालात चौदा ते अठरा वयोगटातील सुमारे नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे दिसते. परंतु घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत अंतर आहे. त्याच अहवालानुसार स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन सुमारे ४४ टक्के मुलग्यांजवळ होता, तर मुलींपैकी केवळ २० टक्क्यांजवळ. बाप फोन घेऊन कामावर जातो, तो रात्री परततो तेव्हा भाऊ फोन घेतो, आणि बहिणीचा गृहपाठ प्रणालीत "सादर केला नाही" म्हणून नोंदला जातो. शाळांची स्थितीही फारशी वेगळी नाही. २०२४-२५ च्या यूडायस आकडेवारीनुसार देशातील सुमारे ६३ टक्के शाळांतच इंटरनेट होते.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात एक आर्थिक सूत्र मांडले होते. सरकारी महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्ग घेतो, हे ते सूत्र. ज्या प्रणालीचा खर्च सर्वांनी करावयाचा व जिचा उपयोग ज्याच्या घरी साधन आहे त्यालाच व्हावयाचा, तिला हे सूत्र आजही तंतोतंत लागू पडते.

दुसरा प्रश्न बोज्याचा, म्हणजे श्रमाचा. प्रणालीमुळे शिक्षकाचे काम हलके होते असे सांगण्यात येते. आपल्याकडील अनुभव असा की कागदावरची नोंद जात नाही आणि पोर्टलवरची नोंद वर चढते. हजेरी वहीतही आणि ॲपवरही. पोषण आहाराचा तांदूळ साठा-नोंदवहीतही आणि पोर्टलवरही. हा फोन बहुधा शिक्षकाचा स्वतःचा, रिचार्ज त्याच्या पगारातला, आणि वाया जाणारा तास मुलांचा. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याचे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज कोणतेही अशैक्षणिक काम शिक्षकास देता येणार नाही. माहिती भरण्याचे काम "शैक्षणिक" ठरवून या कलमाला सोयीस्कर वळसा घालण्यात आला आहे. दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक माहिती भरू लागला की निम्मी शाळा बंद पडते, ही साधी बेरीज-वजाबाकी आहे.

याहून गंभीर गोष्ट अशी की, शिक्षकाने किती पाठ "अपलोड" केले व मुलांनी त्यांवर किती वेळा बोट टेकविले, यावरून त्याचे काम मोजण्याची वृत्ती बळावते. गिरणीतील मुकादमाला निदान साचा आणि कामगार दोन्ही डोळ्यांनी दिसत असत. येथे मुकादम केवळ आकडा पाहतो. मूल रडत आले, त्याला शिक्षकाने जवळ बसविले, अर्ध्या तासाने ते वाचू लागले. या अर्ध्या तासाला प्रणालीत रकाना नाही. ज्याला रकाना नाही ते काम हळूहळू मागे पडते, हा मोजमापावर चालणाऱ्या प्रत्येक कारभाराचा अनुभव आहे.

तिसरा प्रश्न मालकीचा, आणि आमच्या मते तोच निर्णायक आहे. अशा प्रणालीचे अर्थशास्त्र समजून घेणे कठीण नाही. ती तयार करण्यास मोठे भांडवल लागते. परंतु एकदा तयार झाली की आणखी एका शाळेला ती देण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. म्हणून कंपनीला प्रारंभी ती फुकट देणे परवडते. शाळेचे पाठ, गुण, चाचण्या, शिक्षकांची सवय हे सारे एकदा तीत गुंतले की बाहेर पडण्याचा खर्च दरवर्षी वाढत जातो, आणि मग किंमत व अटी कंपनी ठरविते. गूगलने शाळा-महाविद्यालयांना साठवणुकीची अमर्याद जागा विनामूल्य दिली होती. २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केले की यापुढे विनामूल्य योजनेत प्रत्येक संस्थेला मिळून शंभर टेराबाइटची मर्यादा राहील, त्यापलीकडे पैसे मोजावेत. कंपनीने यात करारभंग केला असे कोणी म्हणू शकणार नाही. जे फुकट दिले होते ते परत घेण्याचा अधिकार मालकाकडेच होता, एवढेच त्यातून सिद्ध झाले.

मालकच कोसळला तर काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारी आहे. आंध्र प्रदेश सरकारने जून २०२२ मध्ये बायजूज या कंपनीशी करार केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून आठवीचे विद्यार्थी व त्यांचे शिक्षक यांना त्या कंपनीचा अभ्यासक्रम भरलेले सुमारे पाच लाख टॅब वाटले. अभ्यासक्रम कंपनीने विनामूल्य दिला, टॅब सरकारी तिजोरीतून आले. त्या वर्षी कंपनीचे मूल्य बावीस अब्ज डॉलर सांगितले जात होते. जुलै २०२४ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल झाली. जिल्हा परिषदेची शाळा शंभर वर्षे टिकते. तिचे शिक्षण ज्याच्यावर टांगले तो उद्योग दोन वर्षेही टिकला नाही.

आणि मालक बलाढ्य असला तरी निश्चिंत राहता येत नाही. अमेरिका व कॅनडातील असंख्य शाळांचे दप्तर पॉवरस्कूल या कंपनीकडे आहे. २०२४ मध्ये बेन कॅपिटल या गुंतवणूक संस्थेने ती सुमारे साडेपाच अब्ज डॉलरना विकत घेतली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिच्या प्रणालीतून लक्षावधी विद्यार्थी व शिक्षकांची माहिती चोरीस गेली. टोरांटोच्या शाळा-मंडळाला आपल्या १९८५ पासूनच्या विद्यार्थ्यांना सावध करावे लागले. चोरांना कंपनीने खंडणी दिली. तरीही २०२५ च्या मे महिन्यात शाळांकडे पुन्हा पैशाच्या मागण्या आल्या. मुलांची नोंद ही आज खरेदी-विक्रीची आणि लुटीचीही वस्तू झाली आहे, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा?

आपला कायदा या बाबतीत मुलांच्या बाजूने उभा आहे काय? वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली. परंतु नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी शैक्षणिक कार्यासाठी व मुलांच्या सुरक्षेसाठी शिक्षणसंस्थांना यातून सूट दिली. वर्ग चालविण्यासाठी काही सूट अटळ आहे, हे आम्ही जाणतो. तथापि "शैक्षणिक कार्य" म्हणजे काय, याची सीमा कोण आखणार? शाळेने नेमलेल्या कंपनीने त्या सुटीच्या आडून काय करावे व काय करू नये, हे कोण पाहणार? पालकाला तर शाळेचा व्हॉट्सॲपवरील निरोप आणि एक फॉर्म एवढेच दिसते, आणि प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाची सही म्हणजे संमती असे मानण्याची आपल्याकडे प्रथाच आहे.

येथवर वाचून काही मित्र म्हणतील की उपाय सरळ आहे: सरकारने प्रणाली आपल्या हाती घ्यावी. आम्हास ते अपुरे वाटते. दीक्षा सरकारचाच मंच आहे. जानेवारी २०२३ मध्ये उघडकीस आले की त्यातील दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावे, दूरध्वनी क्रमांक व ईमेल पत्ते आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती कोणालाही पाहता येईल अशा स्थितीत एका सर्व्हरवर पडून होती. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने २०२२ मध्ये एकोणपन्नास देशांतील दीडशेहून अधिक शैक्षणिक प्रणाली तपासल्या. त्यांतील जवळजवळ नव्वद टक्के प्रणालींत मुलांच्या हक्कांना बाधा आणणारे व्यवहार आढळले. या प्रणाली बहुतांशी सरकारांनीच पुरस्कारिलेल्या होत्या.

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम हिचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील महापालिकेने सुमारे शंभर कोटी क्रोनर खर्चून बाहेरच्या पुरवठादारांकडून शालेय मंच करवून घेतला व २०१८ मध्ये तो लागू केला. पालक व शिक्षक दोघेही त्याला कंटाळले, आणि माहितीच्या सुरक्षिततेतील दोषांबद्दल २०२० मध्ये महापालिकेला दंडही झाला. संगणकाचे काम जाणणाऱ्या काही पालकांनी एकत्र येऊन फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच मंचासाठी सोपे, मुक्त ॲप स्वतः तयार केले. महापालिकेने त्यांचे आभार मानले नाहीत; पोलिसांत तक्रार केली. पोलिसांना गुन्हा आढळला नाही आणि अखेर त्याच वर्षी महापालिकेला पालकांचे ॲप मान्य करण्याचा मार्ग काढावा लागला. मालकी सरकारी होती, पैसा जनतेचा होता. तरी जे वापरणार त्यांना कोणी विचारले नव्हते. सरकारीकरण आणि समाजीकरण यांतील जो भेद आपण अभ्यासवर्गांत शिकवितो, तो येथे प्रत्यक्षात दिसतो.

मग मार्ग कोणता? तो कल्पनेतला नाही. मूडल ही प्रणाली मार्टिन डुगियामस यांनी उभारली. त्यांचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या निर्जन प्रदेशात, रेडिओवरून चालणाऱ्या शाळेवर गेले होते. ही प्रणाली मुक्त सॉफ्टवेअर आहे. म्हणजे तिची घडण कोणालाही पाहता, बदलता व वाटता येते आणि ती आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर चालविता येते. कंपनी उद्या बंद पडली तरी शाळेचे दप्तर शाळेकडेच राहते.

केरळने २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प सुरू केला. शिक्षक संघटना व मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते यांच्या आग्रहामुळे तेथील शाळांतील संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर आले, आणि प्रशिक्षण देणारेही बहुतांशी शाळांतील शिक्षकच राहिले. त्याच प्रकल्पातून २०१७ मध्ये काईट ही सरकारी संस्था उभी राहिली. जून २०२० मध्ये शाळा बंद असताना तिने पाठ पोचविले ते प्रामुख्याने दूरचित्रवाणीवरून, कारण ती अधिक घरांत होती. येथेही सारे सुरळीत झाले असे नव्हे. साधन नसल्याच्या निराशेतून एका मजूर कुटुंबातील मुलीने आपले जीवन संपविले, आणि त्यानंतर ग्रंथालये व स्थानिक संस्थांतून सामूहिक पाहणीची व्यवस्था करण्यास वेग आला. ती आधी व्हावयास हवी होती. प्रथम साधन सर्वांच्या हाती, नंतर त्यावर अभ्यास, हा क्रम उलटा केला तर त्याची किंमत कोण मोजतो, हे त्या घटनेने सांगितले आहे.

या विवेचनातून आमच्या मागण्या सरळ निघतात. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक शाळेतील प्रणाली मुक्त सॉफ्टवेअरवर आधारलेली असावी आणि तिची माहिती राज्याच्या स्वतःच्या सर्व्हरवर राहावी. तिच्या संचालनात शिक्षक संघटना व पालक यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत. एक माहिती एकदाच भरली जावी: पोर्टलवर भरली तर वहीत नको, आणि भरण्यासाठी शाळेत स्वतंत्र लिपिक असावा. ज्या वर्गातील प्रत्येक मुलाकडे शाळेने दिलेले साधन नाही, त्या वर्गात प्रणालीवरचा गृहपाठ गुणांसाठी धरू नये. मूल शाळा सोडून जाईल तेव्हा त्याची संपूर्ण नोंद कागदावर त्याच्या हाती मिळावी. आणि प्रणालीतील आकड्यांवरून कोणत्याही शिक्षकावर कारवाई होऊ नये.

या मागण्या मंत्रालयापर्यंत नेण्यास वेळ लागेल. परंतु एक काम उद्यापासून करता येते. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान पंचाहत्तर टक्के पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायदाच सांगतो. अनुदानित शाळांतही ही समिती असते, जरी तिचे काम केवळ सल्ल्याचे असले. आपल्या अनेक कार्यकर्त्यांची मुले या शाळांत आहेत; कित्येक जण या समित्यांचे सदस्य आहेत. बहुतेक ठिकाणी ही समिती पोषण आहाराच्या बिलावर सही करण्यापुरती उरली आहे.

पुढच्या बैठकीत पाच प्रश्न लेखी विचारा. आपल्या शाळेतील मुलांची माहिती कोणकोणत्या ॲपवर व पोर्टलवर भरली जाते? ती कोणाच्या आदेशाने? ती कोठे साठविली जाते आणि कोणाला दिसते? ती भरण्यात शिक्षकांचे आठवड्याचे किती तास जातात? आणि ज्या मुलाच्या घरी फोन नाही, त्याच्यासाठी शाळेने काय केले आहे? उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या. उत्तर मिळाले नाही, तर "उत्तर मिळाले नाही" असे नोंदवून घ्या आणि ते इतिवृत्त तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. अशी पन्नास गावांची इतिवृत्ते एका टेबलावर आली, तर ती बाजूला सारणे कोणत्याही अधिकाऱ्यास सोपे जाणार नाही.